ब्राउझरची शाकारणी

२०११च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ भरली. एवढ्यांतला नेमका एक माणूस हुडकायचा तर नाव-पत्ता लागत नाही. दर उत्तराला उरलेली माणसं निम्मी होतील असे ‘हो की नाही’ छापाचे वीस प्रश्न पुरतात. दोनाचा विसावा घात १०,४८,५७६. सगळा जिल्हा त्यात मावून वर जागा उरते. एकटा मालवण तालुका सतरा प्रश्नांत उरकतो.

आपण एखादं संकेतस्थळ उघडतो तेव्हा ब्राउझर असल्या प्रश्नांची उत्तरं आपल्याला न विचारता देत असतो. पडदा केवढा, घड्याळ कोणत्या वेळेचं, पान कोणत्या भाषेत हवं, संगणकात कोणकोणते फाँट, चित्र रेखाटणारी चिप कुठली. काही संकेतस्थळं याच्याही पुढे जातात. तुम्हाला दिसणार नाही अशा जागी ती ब्राउझरला दोन शब्द आणि एखादी रंगीत आकृती काढायला लावतात आणि उमटलेले ठिपके वाचून घेतात. अक्षराची कड प्रत्येक यंत्रावर किंचित वेगळी उतरते, त्यावरून यंत्र ओळखू येतं. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या पीटर एकर्सली यांनी २०१० साली ४,७०,१६१ ब्राउझरांचे असे ठसे तपासले. त्यातल्या ८३.६ टक्के ठशांना जोडच सापडली नाही. एका ठशात निदान १८.१ बिट माहिती होती, म्हणजे अठरा प्रश्नांची उत्तरं. सहज उचललेल्या ब्राउझरसारखा दुसरा सापडायचा तर २,८६,७७७ ब्राउझर धुंडाळावे लागतील, असा त्यांचा हिशेब. तो जसाच्या तसा लावला तर एकसारखी दिसणारी माणसं आपल्या अख्ख्या जिल्ह्यात तीन.

कुकी, म्हणजे संकेतस्थळ आपल्या ब्राउझरात ठेवतं ती छोटी नोंद, तिचं तसं नव्हतं. १९९४ साली नेटस्केपमध्ये लू मोंटुली यांनी ती केली, तेव्हापासून ती निदान आपल्या संगणकात असते. पुसता येते, नाकारता येते. ठसा आपल्याकडे नसतोच. तो आपण कसे दिसतो त्यातून समोरचा घेतो, आणि आपण काय पुसावं हेच कळत नाही.

हे जमेल तितकं रोखायला काही माणसं फुकटात एक किचकट काम करत असतात. फायरफॉक्समध्ये सेटिंगच्या पानावर दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त कळा आत दडलेल्या असतात. त्यातल्या कोणत्या दाबायच्या, कोणत्या सोडायच्या याची एक साधी मजकूर-फाइल ही माणसं लिहितात. ती प्रोफाइलच्या फोल्डरात टाकली की फायरफॉक्स दर वेळी सुरू होताना तिच्याप्रमाणे वागतो. या जातीचा सर्वांत नावाजलेला प्रकल्प म्हणजे आर्केनफॉक्स. २०१७पासून तो गिटहबवर खुला आहे, आणि तो चालवणारे टोपणनावानं वावरतात, हे कामाला शोभतंच. लिब्रेवुल्फ असल्या सेटिंग आधीच लावलेला फायरफॉक्स देतो. २०२३ साली ओळख लपवून इंटरनेट वापरू देणारा टॉर प्रकल्प आणि मुलवाड ही व्हीपीएन कंपनी यांनी मिळून काढलेला मुलवाड ब्राउझरही याच कुळातला.

संगणकाची हौस असलेली पोरं या फाइलींकडे चिलखत म्हणून बघतात. जितक्या कळा दाबू तितकं चिलखत जाड, अशी समजूत. वस्तुस्थिती उलटी आहे. ‘माझा माग काढू नका’ असं संकेतस्थळांना कळवणारी एक कळ ब्राउझरांत २०११च्या सुमारास आली. ती विनंती जवळपास कुणी मानली नाही. पण थोडेच लोक ती दाबत असल्यामुळे ‘दाबली आहे’ हीच एक खूण झाली. वीस प्रश्नांतला एक आणखी सोपा झाला. शेवटी फेब्रुवारी २०२५मध्ये फायरफॉक्सनं ती कळ काढून टाकली. खासगीपणाच्या नावानं बसवलेली कळच ओळख देते, हे असं घडतं. आर्केनफॉक्सच्या फाइलीत सात हजार क्रमांकाचा एक विभाग आहे, त्याचं नावच ‘या भानगडीत पडू नका’ अशा अर्थाचं. दिसायला मोहक पण उपयोगाला शून्य किंवा नुकसानकारक अशा सेटिंग तिथे कारणांसह पडून आहेत. माझ्या मते त्या फाइलीतला सर्वांत शहाणा भाग तोच. असा प्रकल्प चालवणाऱ्याचं मुख्य काम सेटिंग शोधणं हे नसतंच. येणाऱ्या प्रत्येक हौशी सूचनेला ‘नको’ म्हणणं आणि ते का नको हे पुन्हा पुन्हा लिहीत बसणं, हे त्याचं काम.

दुसरी एक गोष्ट त्या फाइलीत बघण्यासारखी आहे. प्रत्येक विभागाच्या तोंडाशी एक खोटी सेटिंग आहे. तिचं नाव पोपट. १९६९ सालच्या मॉन्टी पायथनच्या मेलेल्या पोपटाच्या प्रहसनावरून ती घेतली आहे. फाइल शेवटपर्यंत नीट वाचली गेली तर फायरफॉक्सच्या आतल्या पानावर पोपट सुखरूप असल्याचा निरोप दिसतो. कुठे स्वल्पविराम सुटला, अवतरण उघडं राहिलं आणि गाडी अडली, तर पोपट कोणत्या विभागात दगावला ते तिथे लिहिलेलं असतं, दर विभागात मरणाचा वेगळा वाक्प्रचार वापरून. शेकडो ओळींच्या रुक्ष फाइलीत कुणाला तरी ही गंमत सुचली, आणि ती कामाचीही आहे. दुसरी सोय अशी की स्वतःच्या आवडीनिवडी वेगळ्या फाइलीत ठेवायच्या, म्हणजे मूळ फाइल बदलली तरी आपलं काही पुसलं जात नाही. आपण कुठे वेगळे वागतो आहोत हे एका नजरेत दिसतं, ही त्यातली खरी शिस्त.

आणि मूळ फाइल बदलावीच लागते. कोकणात कौलारू घराची मे महिन्यात शाकारणी होते. कौलं उतरवायची, झाडायची, माकडांनी फोडलेली बदलायची, रिपा-वासे चाचपायचे आणि मिरग लागायच्या आत सगळं पुन्हा चढवायचं. गेल्या वर्षी केलं म्हणून यंदा चुकत नाही. जुलैत घर गळलं नाही तर त्याचं कौतुक कुणी करत नाही. फायरफॉक्सची नवी आवृत्ती साधारण चार आठवड्यांनी येते. एखादी कळ नाव बदलते, एखादी नाहीशी होते, एखादीचा मूळ अर्थच फिरतो. कालपर्यंत राखण करणारी ओळ आज निरुपयोगी, क्वचित घातकही. मेलेल्या ओळी हुडकून बाजूला काढणं हेच निम्मं काम. सहा वर्षांपूर्वी कुठून तरी उतरवून घेतलेली अशी फाइल आजही निष्ठेनं वापरणारे लोक आहेत. त्यांनी ती फाडून टाकली तर ते जास्त सुरक्षित होतील.

या कामाचं फळ मात्र उलट्या दिशेनं मोजावं लागतं. अशा प्रकल्पाची सर्वांत चांगली बातमी म्हणजे त्यातली एखादी ओळ खोडली जाणं. टॉर ब्राउझरसाठी केलेले बदल थेट फायरफॉक्समध्ये आणायचं काम २०१६ साली सुरू झालं. एका संकेतस्थळाची कुकी दुसऱ्याच्या हाती लागू नये ही कल्पना आधी फक्त आतल्या कळांमध्ये होती. फेब्रुवारी २०२१मध्ये ती कडक संरक्षण निवडणाऱ्यांना मिळाली आणि जून २०२२पासून संगणकावरच्या सगळ्याच फायरफॉक्समध्ये आपोआप चालू झाली. ज्यांनी ‘सेटिंग’ हा शब्द कधी ऐकला नाही त्यांनाही ती मिळाली. एका हौशी माणसानं स्वतःचा संगणक किती घट्ट केला याला माझ्या लेखी फार किंमत नाही. पण त्या हौशी माणसाच्या कुरकुरीतून जगाची मूळ सेटिंग बदलली, तर तिला आहे. उलट क्रोमचं बघा. दुसऱ्यांच्या कुकी दोन वर्षांत बंद करू असं गुगलनं जानेवारी २०२०मध्ये सांगितलं, मुदत लांबवत नेली, आणि जुलै २०२४मध्ये बेत सोडून दिला. जगातले बहुसंख्य लोक जो ब्राउझर वापरतात तो जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीचा आहे, एवढं लक्षात ठेवलं की यात नवल वाटत नाही.

फायरफॉक्सचाही डोलारा कशावर उभा आहे ते सांगायला हवं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गुगलला शोधपेटीत पहिली जागा देण्याच्या करारातून येतं. गुगलनं शोधाच्या बाजारात बेकायदा मक्तेदारी राखली असा निकाल ऑगस्ट २०२४मध्ये अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांनी दिला, तेव्हा मक्तेदाराचा पैसा बंद झाला तर त्याचा प्रतिस्पर्धीच आधी मरेल, अशी विचित्र भीती मोझिलावाल्यांना पडली. पैशाची ही ओढ मग दिसू लागते. जुलै २०२४च्या आवृत्तीत मोझिलानं जाहिरातींचं यश मोजणारी एक सोय न विचारता चालू ठेवली. खासगीपणा सांभाळून मोजतो, असं मोझिलाचं म्हणणं. ऑस्ट्रियातल्या नोयब संस्थेनं त्यावर तक्रार केली. सोय बरी की वाईट यावर जाणत्यांत मतभेद आहेत. पण न विचारता चालू केलेली कळ कुठे आहे आणि ती कशी बंद करायची, हे सांगणारी ओळ दुसऱ्या कुणीतरी लिहावी लागली. हे दुसरं कुणीतरी कोण, आणि ते किती दिवस टिकणार?

रेमंड हिल यांची गोष्ट यासाठी आठवते. २०१४ साली त्यांनी जाहिराती आणि मागोवे अडवणारं यूब्लॉक लिहिलं. ते लोकप्रिय झालं तसा तक्रारींचा, मागण्यांचा, रुसव्याफुगव्यांचा लोंढा सुरू झाला. एप्रिल २०१५मध्ये त्यांनी कंटाळून प्रकल्प दुसऱ्याच्या हवाली केला आणि स्वतःपुरती शाखा वेगळी काढली, ती यूब्लॉक ओरिजिन. पुढे मूळ यूब्लॉक ॲडब्लॉक कंपनीकडे गेलं आणि २०१९मध्ये त्यातून ‘स्वीकारार्ह’ ठरवलेल्या जाहिरातींना वाट मिळाली. हिल आजही देणगी घेत नाहीत. कुणाचा पैसा नाही म्हणजे कुणाची बांधिलकी नाही, असं ते तत्त्व. मला ते थोर वाटतं आणि धोक्याचंही. एका माणसाच्या स्वभावावर कोट्यवधी लोकांचं संरक्षण टेकलेलं असणं ही व्यवस्था म्हणता येणार नाही. मार्च २०२४मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या पण जगभर वापरात असलेल्या प्रणालीत चोरदरवाजा सापडला. थकलेल्या एकट्या सांभाळणाऱ्याला ‘काम उरकत नाही तर दुसऱ्याला द्या’ असा तगादा लावला गेला. त्याच काळात एका मदतनीसानं वर्ष-दोन वर्षं गोडीगुलाबीनं काम करत विश्वास कमावला, आणि मग दार उघडलं. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो अशी शंका आली म्हणून ते उघडकीला आलं. सेटिंगची फाइल म्हणजे तर दुसऱ्याच्या संगणकाला दिलेली आज्ञाच. ती न वाचता उतरवून घेणारे हजारो असतील तर सांभाळणाऱ्याच्या थकव्याशी त्या सगळ्यांचा संबंध येतो.

इथवर आलं की आपल्याकडचा माणूस हमखास म्हणतो, ‘आमच्याकडे कुठे होता खासगीपणा? गावात सगळ्यांना सगळं ठाऊक.’ आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मालवणी मुलखात एसटीच्या थांब्यावर उभ्या माणसाला ‘खंय चललंस?’ विचारणं हे अभिवादनच आहे, आणि अनोळखी पोराला ‘कोणाचो रे तू?’ विचारून चार पिढ्यांचा पत्ता काढणं हा आदरातिथ्याचा भाग. पण या विचारण्यात दोन गोष्टी असतात. विचारणारा समोर असतो आणि त्याचाही सगळा पत्ता आपल्याला ठाऊक असतो. शिवाय गाव विसरतं. निदान बोलायचं थांबतं.

याचा अर्थ गावाची नजर मायाळू असा कुणी काढू नये. ती कुणावर जास्त रोखलेली असते ते एकटीनं कणकवलीला जाऊन येणाऱ्या मुलीला विचारा. कोकणात वाळीत टाकण्याचे प्रकार इतके झाले की महाराष्ट्राला २०१६चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा करावा लागला. तेव्हा ‘पूर्वी बरं होतं’ हा माझा मुद्दा नाही. गावकीच्या नजरेशी भांडता येतं, तिला कायद्यात गाठता येतं. ठसा घेणाऱ्या कंपनीचं नाव वाचकाला माहीत नसतं आणि त्याचं सगळं कंपनीला माहीत असतं, एवढाच फरक मी दाखवतो आहे, आणि तो पुरेसा मोठा आहे. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तरी ऑगस्ट २०२२मध्ये आयआरसीटीसीनं प्रवाशांच्या माहितीतून पैसा कसा काढता येईल हे सांगणाऱ्या सल्लागारासाठी निविदा काढलीच. एक हजार कोटींपर्यंत मिळकतीचा अंदाज होता. गणपतीला गावी यायचं म्हणून कोकण रेल्वेच्या तिकिटासाठी सकाळी आठच्या ठोक्याला बोट टेकवून बसलेला मुंबईकर त्या माहितीत होता: कोण, किती जण, कुडाळला की कणकवलीला, दरवर्षी की यंदाच. ओरड झाली, संसदेच्या स्थायी समितीत विषय निघाला, आणि निविदा मागे घेतली गेली. ब्राउझरची कोणतीही कळ इथे कामाला आली नसती. तिकीट नावानंच काढावं लागतं. सेटिंगवाल्यांनी आपल्या कामाची ही हद्द ओळखायला हवी, आणि चांगले सेटिंगवाले ती ओळखतात.

आता मराठीचा प्रश्न. तो मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि जगभरच्या चर्चेत तो जवळपास येतच नाही.

ठशापासून वाचायचा टॉरनं दाखवलेला मार्ग असा की सगळ्यांनी एकसारखं दिसायचं. फायरफॉक्समध्ये त्यासाठी एक मोठी कळ आहे. ती दाबली की खिडकीच्या आतलं पान ठरावीक मापात बसतं, घड्याळ ग्रीनिचच्या वेळेचं दिसतं, आणि ब्राउझर इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत असेल तर तो तुम्हाला विचारतो: संकेतस्थळांना इंग्रजी पानंच मागू का? तसं केल्यास तुम्ही ओळखू येणार नाही. सल्ला गणिताला धरून आहे. मराठीत पान मागणारे ब्राउझर जगात थोडे, त्यात मोठ्या संगणकावर फायरफॉक्स वापरणारे आणखी थोडे. ‘मला मराठी हवं’ एवढं म्हटलं की वीस प्रश्नांतले बरेचसे एका फटक्यात सुटले. म्हणजे गर्दीत हरवायचं तर इंग्रजी व्हायचं. फ्रान्स-जर्मनीतल्या वाचकालाही हा प्रश्न येतो, पण त्याची गर्दी मोठी आहे, त्याला थोडकं मोजावं लागतं.

फाँटचंही तसंच. महाराष्ट्रात सरकारी कचेऱ्या आणि छापखाने वर्षानुवर्षं डीव्हीबी-टीटी सुरेख, श्री-लिपी, कृतिदेव यांवर चालले. ज्या संगणकात हे बसवलेले आहेत तो कुठल्या कामाचा, कुठल्या मुलखातला हे यादी बघूनच कळतं. म्हणून संरक्षण चालू केलं की फायरफॉक्स आपण बसवलेले फाँट संकेतस्थळापासून लपवतो आणि विंडोजबरोबर आलेलेच दाखवतो. योग्यच आहे. फक्त जुन्या सांकेतिक फाँटात टाकलेलं एखादं जाहीर पत्रक मग रोमन चिन्हांच्या खिचडीसारखं दिसतं, आणि वाचणारा ‘ब्राउझर बिघडला’ म्हणून सगळं संरक्षण काढून टाकतो. युनिकोड येऊन इतकी वर्षं लोटली तरी जुन्या फाँटांना चिकटून राहण्याची किंमत आपण भाषेच्या खात्यात मांडत आलो. ती खासगीपणाच्या खात्यातही मांडायला हवी.

घड्याळाची गंमत आणखी वेगळी. भारतभर एकच प्रमाणवेळ असल्यानं ती सांगून आपण फारसं काही सांगत नाही. आपल्यासारखे कोट्यवधी आहेत. पण ती लपवून ग्रीनिचची वेळ दाखवली, तर ज्या मराठी संकेतस्थळाचे बाकी सगळे वाचक साडेपाच तास पुढे आहेत तिथे आपण एकटेच शून्यावर. लपायला गेलो आणि उठून दिसलो. वर भरती-ओहोटीच्या वेळा ब्राउझरच्या घड्याळावरून मांडणारं पान असेल तर त्या साडेपाच तास चुकतात. होडी काढणाऱ्यानं त्या कळेला शिव्या दिल्या तर मी त्याच्या बाजूनं आहे. आर्केनफॉक्सनं ही मोठी कळ आता मूळ यादीतून ऐच्छिक करून टाकली आहे, आणि फायरफॉक्सच्या सौम्य संरक्षणावर भर दिला आहे. सर्वांना झेपेल तेच सर्वांसाठी, असा तो निर्णय, आणि मला तो पटतो.

मग मराठी वाचकानं काय करावं? माझं उत्तर सरळ आहे: ब्राउझर मराठीतच ठेवावा. फायरफॉक्स मराठीत मिळतो, तो स्वयंसेवकांनी मराठीत आणला. एकट्यानं मराठी मागितली तर तो ओळखू येतो. पाच लाखांनी मागितली तर ती खूण राहत नाही. इथे खासगीपणा आणि भाषा यांचं हित एकाच दिशेला आहे, आणि दोन्ही गोष्टी एकट्यानं होत नाहीत. इंग्रजीचा मुखवटा घालणारा प्रत्येक जण मागे राहिलेल्यांची गर्दी एकानं कमी करतो. अर्थात ज्या पत्रकाराला, कार्यकर्त्याला, घरातल्या छळातून निसटू पाहणाऱ्या बाईला खरोखर जिवाची भीती आहे, तिला हा उपदेश लागू नाही. तिनं टॉर वापरावा, इंग्रजीत वापरावा.

आपला कायदा याबाबतीत ब्राउझरांच्या पुढे गेला आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागण्याची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यायला सांगितली आहे. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे. म्हणजे मराठीत संमतीची सूचना मागणं हा माझा हक्क, आणि मराठीत पान मागणं ही माझी ओळखखूण. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आणि हे सगळं लॅपटॉप बाळगणाऱ्यांपुरतं आहे, हा आक्षेप मी स्वतःच घेतो. जिल्ह्यातल्या बहुतेकांचं इंटरनेट मोबाइलवर आहे. फ्रान्समधल्या एका संकेतस्थळावरच्या वीस लाखांहून जास्त ठशांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात संगणकांपैकी ३५.७ टक्के एकमेव निघाले, तर मोबाइलपैकी १८.५ टक्केच. एकाच कारखान्यातून निघालेले फोन एकमेकांसारखे दिसतात. पण फोनवर ॲप असतात आणि ॲपना ठसा घ्यायची गरजच पडत नाही. परवानग्या दिलेल्या असतात. तिथे सेटिंगची फाइल लंगडी पडते.

ती जिथे खरोखर कामाची आहे ती जागा हौशी पोराचा लॅपटॉप नव्हे, असं मला वाटतं. ती आहे बाजारपेठेतलं सेवा केंद्र. एका खोलीत दोन संगणक, एक प्रिंटर, बाकावर माणसं. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन, पीक विमा, सगळं त्याच ब्राउझरमधून. खुर्चीवरचा मुलगा नावाच्या चौकटीत पहिलं अक्षर टंकतो आणि खाली पट्टी उघडते: त्या अक्षराची गेल्या वर्षभरातली सगळी गिऱ्हाइकं. जन्मतारखेच्या चौकटीत तारखा, मोबाइलच्या चौकटीत मोबाइल. डाउनलोडच्या फोल्डरात ई-आधारच्या पीडीएफांचा ढीग. त्यांचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं वर्ष, आणि ही दोन्ही उत्तरं वरच्या पट्टीत आहेतच. वीस प्रश्न विचारायची तसदी इथे कुणाला घ्यावी लागत नाही.

फायरफॉक्समध्ये कचेऱ्यांसाठी पॉलिसीज नावाची एक छोटी फाइल चालते. अर्जाचा इतिहास ठेवू नको, पासवर्ड लक्षात ठेवू का असं विचारू नको, बंद होताना सगळं पूस, परकी विस्तारकं बसवू देऊ नको. चार-पाच ओळी. क्रोमलाही अशी धोरणं लावता येतात. डाउनलोडचा फोल्डर मात्र या ओळींच्या आवाक्याबाहेर राहतो. त्याला रोज रात्री रिकामं करणारी छोटी स्क्रिप्ट किंवा माणूस लागतो. ओरोसच्या जिल्हाधिकारी कार्यालयात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा कक्ष आहे. अशी एक फाइल लिहून, दर आवृत्तीला तपासून, जिल्ह्यातल्या केंद्रांना पाठवणं हे तिथल्या एका माणसाच्या कामाचा तुकडा होऊ शकतं, आणि त्याचा पगार ठरलेला असतो; रेमंड हिलसारखा तो वैतागून निघून गेला तर दुसरा येतो.

अडचण वेगळीच आहे. केंद्र चालवणारा सरकारी नोकर नाही. संगणक त्याचा, वीजबिल त्याचं, मिळकत दर अर्जामागे. ती उघडणारी पट्टी हा त्याचा वेग आहे. दहावीचा निकाल लागला की अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रिमीलेअर अशा दाखल्यांसाठी रांग दारापर्यंत येते, आणि त्या आठवड्यात प्रत्येक चौकट कोरी दाखवणारा ब्राउझर तो दुपारपर्यंतही ठेवणार नाही. मीही ठेवला नसता. तेव्हा केंद्राच्या करारात अर्जामागच्या शुल्काचे चार पैसे या पुसण्यासाठी वेगळे दाखवावे लागतील, आणि तपासायला येणाऱ्यानं भिंतीवरचं दरपत्रक बघण्याआधी डाउनलोडचा फोल्डर उघडून बघावा लागेल.